गॉर्डन अजून कामावर आहे

१

जोलीन बेकरीतली सकाळची पाळी संपवून घरी आली, तेव्हा दारापुढच्या पायरीवर तिच्या मेलेल्या आईची गोधडी ठेवलेली होती.

नीट चौघडी घालून ठेवली होती. रात्रभर बर्फ पडला होता. अंगण, कठडा, टपालपेटी, सगळं पांढरं होतं, पण गोधडीवर एक कण नव्हता. म्हणजे ठेवणारा नुकताच येऊन गेला होता, किंवा अजून गेलेला नव्हता. जोलीनने गोधडीला हात लावला नाही, दारही उघडलं नाही. ती आपल्याच पावलांच्या ठशांवरून तशीच मागे फिरली आणि गाडी काढून थेट शेरीफच्या कचेरीत गेली.

ती गोधडी असायला हवी होती तिच्या पूर्वीच्या नवऱ्याच्या घरी, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, राजधानीत. त्याचं नाव डॅरिल. तो मुलींना बर्फावरची हॉकी शिकवतो, आणि त्याला वाईट म्हणणारा माणूस तुम्हाला गावात सापडायचा नाही. त्याच्या घरातून जोलीन निघाली तेव्हा तिचा जबडा मोडलेला होता.

तिच्यासारख्या बायकांसाठी आमच्या राज्यात गुप्त-पत्ता कार्यालय आहे. बाईला एक क्रमांक मिळतो. तिचं सगळं टपाल त्या क्रमांकावर राजधानीत येतं आणि कार्यालय ते पुढे पाठवतं. ती खरोखर कुठे राहते हे एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं, त्या कार्यालयाच्या संगणकातल्या नोंदवहीत. जोलीनने पत्ता दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. बेकरीवाल्यांनाही तिचं नाव वेगळंच माहीत होतं.

मी तिला भेटले ती हमरस्त्याकाठच्या एका मोटेलात. अंगावरचा कोट तिने काढला नव्हता.

"शेरीफ म्हणतो, नुसती गोधडी तर आहे," ती म्हणाली. "धमकी नाही, चिठ्ठी नाही. उलट चांगलंच केलं की त्याने."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटायचं काही राहिलेलं नाही. नवं घर मी शोधेन, मला सवय आहे. तुम्ही एवढंच सांगा, त्या नव्या घराचा पत्ता गुप्त-पत्ता कार्यालयाला द्यायचा की नाही? नाही दिला, तर माझं नाव कुठेच लिहिता येणार नाही. नोकरी नाही, दवाखाना नाही, कोर्टाचं संरक्षण नाही. दिला आणि परत असं झालं, तर पुढच्या वेळी गोधडी नसेल."

"विचारून सांगते."

"विचारून नको," ती म्हणाली. "शोधून सांगा."

२

मी वर्ना लिंडक्विस्ट. राज्याच्या लेखापरीक्षण खात्यात माझा जन्म गेला, आणि जोलीनचा पत्ता कसा फुटला ते शोधायचं काम माझ्याकडे आलं होतं. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, त्यामुळे जेवायला मला फारसं कुणी बोलावत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

गुप्त-पत्ता कार्यालयात मला पहिला भेटला ट्रेंट. सगळ्या सरकारी खात्यांच्या संगणक-सुरक्षेचा नवा प्रमुख. पूर्व किनाऱ्यावरून आलेला, उणे तापमानात बिनमोज्यांचे बूट घालणारा, आणि तोंडावर बोलणारा. तिन्ही गोष्टी आमच्याकडे कुणी करत नाही.

"एकेचाळीस," त्याने सुरुवातच केली. "मी आलो तेव्हा या सरकारात सुरक्षेची एकेचाळीस वेगवेगळी सॉफ्टवेअरं होती. तीन एकच काम करत होती. दोन एकमेकांनाच चोर समजायची आणि दिवसभर एकमेकांवर ओरडायची."

"एवढी आली कुठून?"

"तुम्हीच सांगा. तुमच्या राज्यात कुणाला 'नाही' म्हणता येतं का?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. वर्ष संपत आलं की खात्याकडे पैसे उरतात, आणि ते परत केले तर पुढच्या वर्षी कमी मिळतात. नेमका तेव्हाच कुणाचा तरी भाचा डोनट घेऊन येतो आणि त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर, म्हणजे नवा राखणदार, दाखवतो. त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? जुना काढून टाकावा, तर तो ज्याने आणला त्याला वाईट वाटेल. मग दोन्ही राहतात. अशाने एकेका दाराशी सहा-सहा राखणदार झाले, आणि दिवसाला इतक्या घंटा वाजायला लागल्या की ऐकणाऱ्यांनी कानच बंद करून घेतले. नव्वद जणांनी राखलेलं घर म्हणजे कुणीच न राखलेलं घर, असं माझी आई म्हणायची. ती सरकारी नोकरीत कधी नव्हती.

"आता नऊच आहेत, तीही नवी," ट्रेंट म्हणाला. "या कार्यालयापासूनच सुरुवात केली, नोव्हेंबरात. म्हणून सगळ्यांना वाटतंय की मी राखणदार काढले आणि चोर आत आला."

"आणि तसं झालंय का?"

तेवढ्यात कॉफीचा मग घेऊन डोरीन आली. ती कार्यालयाची व्यवस्थापक. चर्चच्या गायनात ती आणि मी शेजारी उभ्या राहतो. भिंतीवर एक पडदा होता, त्यावर आज कोण कोण कामावर आहे त्यांची नावं, आणि आलेल्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. डोरीनने पडद्याकडे पाहून, आपण देवाला करतो तशी, किंचित मान लववली.

"गॉर्डन आलाय," ती हळूच म्हणाली.

मी वर पाहिलं. गॉर्डन हालवर्सन. नावापुढे हिरवा ठिपका. ऑक्टोबरात त्याच्या मातीला मी स्वतः गेले होते.

३

"भूत नाही हो," ट्रेंट म्हणाला. "या इमारतीतले संगणक सकाळी आपोआप जागे होतात, त्याचाही होतो. पडदा समजतो, माणूस आला."

तरी मी गॉर्डनच्या टेबलाशी गेले. खुर्चीवर त्याचा राखाडी स्वेटर होता. मग होता, त्यात पेन्सिली. ओळखपत्र खणात. टेबलावर धूळ नव्हती, म्हणजे कुणीतरी रोज पुसत होतं. येणारेजाणारे तिथून जाताना आवाज खाली आणत होते. गॉर्डन इथला सुरक्षेचा माणूस, वर्षभर कर्करोगाशी झुंजला. त्याची जागा आवरायला कुणाचा हात धजला नव्हता. खोटं कशाला बोलू, मलाही त्या खुर्चीत बसवलं नाही.

त्या नोंदवहीत कुठल्या बाईचं पान कुणी आणि कधी उघडलं ते आपोआप लिहिलं जातं. लिहिलं जातं, पण घंटा वाजल्याशिवाय कुणी वाचत नाही. आम्ही वाचलं. जोलीनचं पान गेल्या काही महिन्यांत एकदाच उघडलं होतं. कार्यालयातल्या नाताळच्या जेवणाच्या दुपारी, याच टेबलावरून, गॉर्डनच्या नावाने. ती पानं उघडायचा अधिकार तिघांनाच: संचालक, जे महिनाभर ॲरिझोनात होते, डोरीन, आणि गॉर्डन.

"मग घंटा का वाजली नाही?" मी विचारलं. "नऊ राखणदार आहेत म्हणता ना?"

ट्रेंट जरा घुटमळला. "एक यादी असते. इथे तिला 'भुंकू नका यादी' म्हणतात, नाव गॉर्डननेच ठेवलं. तो स्वतः कुलपं ओढून बघायचा, पक्की आहेत की नाही. दरवेळी सगळे राखणदार बोंबलायचे. म्हणून नवा राखणदार आला की त्याला आधी सांगायचं, हा गॉर्डन, याच्यावर भुंकू नका."

"ओळखीच्या माणसावर कुत्रं भुंकत नाही."

"पण ती जुनी कुत्री गेली," ट्रेंट म्हणाला. "ही नऊ नोव्हेंबरात आली. गॉर्डन ऑक्टोबरात गेला. यांनी त्याला पाहिलंच नाही. त्याचं नाव यांच्या यादीत असायला नको."

त्याने यादी उघडली. गॉर्डनचं नाव पहिलंच होतं. मेलेल्या माणसाची नव्या कुत्र्यांशी ओळख कुणीतरी करून दिली होती.

४

यादी नव्या ठिकाणी नेण्याचं काम वेन्डेलने केलं होतं. वेन्डेल इथला तंत्रज्ञ; धिप्पाड, मऊ आवाजाचा, गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या दारचा बर्फ न सांगता काढून येणारा. मी बसायच्या आत त्याने माझ्यापुढे घरच्या भोपळ्याच्या वड्या ठेवल्या. भिंतीवर मुलींच्या हॉकी संघाचा फोटो होता. मधे उभी ती त्याची धाकटी मुलगी, असं त्याने कौतुकाने सांगितलं.

"जुनी यादी आहे तशी उचलून ठेवलीस का?" मी विचारलं.

"हो मॅडम. म्हणजे, जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे? जुन्या यादीत मार्लीन आहे. ती उन्हाळ्यात निवृत्त झाली. नव्या यादीत ती नाही. आणखीही काही नावं गळलीत. म्हणजे तू यादी साफ केलीस. निवृत्त झालेले काढलेस आणि मेलेला ठेवलास."

वेन्डेलचा चेहरा पडला. "पगारपत्रकाशी ताडून पाहिलं, मॅडम. जे पगारावर नाहीत ते काढले. गॉर्डन पगारावर आहे."

"वेन्डेल, त्याची शवपेटी तू उचलली होतीस."

"उचलली होती," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. "पण पगारपत्रकात तो होता. कुणीतरी विचार करूनच ठेवलं असेल. विचारायला गेलो असतो तर बरं दिसलं असतं का?"

मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण जमलं नाही. या इमारतीतल्या कुणीही हेच केलं असतं. मी पगार विभागात फोन लावला. वेन्डेल खरं बोलत होता. गॉर्डन हालवर्सन आजारपणाच्या रजेवर होता, सरकारच्या लेखी जिवंत. दर महिन्याला त्याच्या रजेवर एकाच व्यक्तीची सही होती, डोरीनची.

५

डोरीनने काही लपवलं नाही. मी दार लावलं तशी ती म्हणाली, "कळलं वाटतं तुला. बरं झालं बाई. माझ्या छातीवर धोंडा होता."

"का केलंस?"

"रूथसाठी." रूथ म्हणजे गॉर्डनची बायको. "तिचं औषध चालू आहे, आणि विमा गॉर्डनच्या नोकरीचा. तो गेल्याचं कळवलं असतं तर महिनाअखेरीला विमा बंद. आम्ही सगळ्यांनी आपापल्या रजा त्याला दान केल्या होत्या ना, आजारपणात. त्यातल्या पुष्कळ उरल्या होत्या. मी म्हटलं, त्या संपेपर्यंत तरी जिवंत राहू दे त्याला."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. कुणी बोललं नाही, एवढंच."

खिडकीबाहेर उघडं माळरान होतं, आणि दुपार असून उजेड विझत आला होता. त्या उजेडात डोरीन मला एकदम म्हातारी दिसली. मला तिचा कळवळा आला. पण मोटेलातली जोलीन डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"डोरीन, ते पान तू उघडलंस का?"

"मी? कधी उघडणार? त्या दुपारी मी तळघरात वाढत होते. भांडी ओव्हनमधून काढल्यापासून खरवडून रिकामी होईपर्यंत चमचा माझ्या हातून सुटला नाही. विचार कुणालाही."

मी विचारलं. ज्याला त्याला विचारलं. डोरीन जागची हलली नव्हती, यावर सगळ्यांचं एकमत होतं. अख्खं कार्यालय खाली होतं, यावरही. आणि मग प्रत्येकजण थोडा थांबून, मान खाली घालून, अगदी सभ्यपणे तेच सांगायचा.

"एक तो ट्रेंट तेवढा आला नव्हता. तो वर एकटाच होता."

गॉर्डनच्या टेबलाच्याच मजल्यावर. त्यांना तो चोर ठरायला हवा होता. खरं सांगायचं तर मलाही.

६

ट्रेंटची खोली मजल्याच्या टोकाला, गॉर्डनचं टेबल लिफ्टसमोर. मधे लांबच लांब रिकामी बोळ. खोलीतून टेबल दिसत नाही, हे मी आधी बघून घेतलं.

"जेवायला खाली का गेला नाहीत?"

"कुणी बोलावलं नाही."

"अहो, बोलवत नसतात. फ्रिजवर कागद लावलेला असतो. आपला पदार्थ घेऊन जायचं असतं."

"हे मला कोण सांगणार?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज दुखावलेला वाटला. मी त्याच्याकडे नव्याने पाहिलं. आमच्या चांगुलपणाच्या गावात हा माणूस कित्येक महिने एकटा जेवत होता.

"तेव्हा या मजल्यावर तुम्ही एकटेच?"

"एकटाच. वेन्डेल ताट घेऊन आला होता तेवढा."

मी सावरून बसले. वेन्डेलने मला हे सांगितलं नव्हतं. पण त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे भलं केलेलं बोलून दाखवणं हलकेपणाचं समजतात.

"काय आणलं होतं?"

"ते तुमचं नेहमीचं. कीमा, वर बटाट्याचे गोळे, त्यावर चीज. बर्फासारखं गार. चीज तर सुरीने कापावं लागलं. मला वाटलं, हा निरोप आहे."

"कसला निरोप?"

"की परत जा म्हणून."

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. मी उठले आणि तडक डोरीनकडे गेले.

"नाताळच्या जेवणात ट्रेंटचं ताट कुणी नेलं?"

"वेन्डेलने. प्रार्थना झाल्या झाल्या सगळ्यांच्या आधी येऊन मागितलं. गुणाचं लेकरू. भांडं नुकतंच ओव्हनमधून काढलेलं, वाफ डोळ्यांत जात होती. मी म्हटलं, अरे फडकं धर, हात भाजेल."

तळघरातून लिफ्टने वर यायला काही वेळ लागत नाही. खाली हात भाजणारं ताट वर पोचेपर्यंत दगड झालं होतं. म्हणजे मधे कुठेतरी ते बराच वेळ ठेवलेलं होतं, आणि लिफ्ट ते ट्रेंटची खोली या वाटेत पहिलं लागतं ते गॉर्डनचं टेबल.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. पगारपत्रक तपासणारा वेन्डेल. गॉर्डन सरकारच्या लेखी जिवंत आहे आणि त्याच्यावर एकही कुत्रं भुंकणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माहीत असलेला या कार्यालयातला एकुलता एक माणूस. ट्रेंट नव्हे; त्याला गॉर्डनचा पासवर्ड कोण देणार, तो आला तेव्हा गॉर्डन अंथरुणाला खिळला होता. आणि भिंतीवरचा तो फोटो. मी परत जाऊन तो नीट पाहिला. मुलींच्या मागे, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून, त्यांचा प्रशिक्षक उभा होता. छान हसरा चेहरा, आणि फोटोखाली छापलेलं नाव. डॅरिल.

७

मी वेन्डेलला गॉर्डनच्या टेबलापाशी बोलावलं. ट्रेंट जरा दूर उभा राहिला.

"ट्रेंटचं ताट कुठे ठेवलं होतंस, वेन्डेल?"

तो टेबलाच्या कडेला बोट लावून म्हणाला, "इथे."

"पासवर्ड?"

"गॉर्डननेच दिला होता. रुग्णालयात असताना त्याची कामं मी करायचो, त्याच्या नावाने. कामात मागे पडलाय असं कुणाला वाटायला नको, म्हणून. पान उघडायचा अधिकार मला नाही. त्याला आहे." त्याने "होता" म्हटलं नाही.

"डॅरिलने काय दिलं तुला?"

"काही नाही, मॅडम." त्याला खरंच लागलं. "कोच माझ्या गाडीत बसून रडला. म्हणाला, सासूच्या हातची गोधडी आहे, ती तिच्या लेकीकडेच हवी. कोर्टाच्या कागदांवर तिचा क्रमांक होता, तो दाखवला. म्हणाला, पायरीवर ठेवून येईन, दार वाजवणार नाही. आणि नाही वाजवलं त्याने. शब्द पाळला."

"टपालाने पाठवता आली असती. हे कार्यालय त्यासाठीच आहे."

"मी म्हटलं तसं. तर म्हणाला, हरवली तर? मॅडम, पुढ्यात माणूस रडत असताना नाही कसं म्हणायचं?"

मला अजून एक गोष्ट टोचत होती.

"वेन्डेल, पत्ता टिपून घ्यायला कितीसा वेळ लागतो? मग जेवण इतकं गार कसं झालं?"

हे त्याला अनपेक्षित होतं. त्याने खुर्चीवरच्या स्वेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पान उघडलं की पत्त्याच्या आधी सगळं येतं ना," तो म्हणाला. "तिने काय सांगितलं ते. डॉक्टरांचं. जबड्याचं. मी वाचत बसलो."

"सगळं वाचलंस?"

"सगळं."

"आणि तरी दिलास?"

त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसतही नव्हता. "तो संध्याकाळी मैदानावर वाट बघत असणार होता, मॅडम. मी कबूल करून बसलो होतो. आता वाचून आलो आणि देणार नाही, असं त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं, मला सुचेना. खूप वेळ सुचेना. मग ताट गार झालंय हे लक्षात आलं, आणि ट्रेंट उपाशी असेल असं वाटलं."

इतक्या वर्षांत मी लबाड पाहिले, लोभी पाहिले, दोन-तीन खरोखरचे दुष्टही पाहिले. त्यांच्यापुढे मला कधी भीती वाटली नाही. त्या दुपारी वेन्डेलपुढे वाटली.

८

डोरीनने त्याच दिवशी पगार विभागाला कळवलं. गॉर्डनचं खातं बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर त्याचं नाव नव्हतं. लोक तरीही त्या टेबलापाशी आवाज खाली आणत होतेच. वेन्डेलला पोलिसांनी नेलं. त्याच्या दारचा बर्फ शेजाऱ्यांनी काढला. डॅरिलला शेरीफने बोलावलं. तो हसतमुखाने गेला आणि हसतमुखानेच घरी आला. गोधडी दाराशी ठेवल्याबद्दल किती दिवस डांबता येतं, याचा विचार चालू आहे.

ट्रेंट मात्र आतून हलला होता. "मी एकेचाळीसांचे नऊ केले," तो मला म्हणाला. "भिंत नवी बांधली. आणि जुन्या भिंतीतलं भोक तेवढं जपून नव्या भिंतीत आणून बसवलं." आता तो प्रत्येक खात्यात स्वतः जाऊन ती यादी नावनिशीवार वाचतो, आणि लोक त्याला पूर्वीपेक्षाही टाळतात.

मी मोटेलात गेले, तेव्हा जोलीनची पिशवी भरून झाली होती. मी तिला सगळं सांगितलं. राखणदार आता थोडे आहेत आणि त्यांच्या घंटा कुणीतरी ऐकतं. मेलेल्याचं नाव काढलं. पत्ता देणारा सापडला.

"म्हणजे भोक बुजलं?"

"ते बुजलं."

"त्याने पैसे घेतले?"

"नाही."

"डॅरिलचा जिगरी असेल."

"तसंही नाही. मुलगी त्याच्या संघात आहे, एवढंच." मला पुढचं बोलायचं नव्हतं, पण तिने शोधून सांगा म्हटलं होतं. "चांगला माणूस आहे, जोलीन. शेजाऱ्यांचा बर्फ काढतो. डॅरिल रडला, आणि त्याला नाही म्हणवलं नाही."

ती पिशवीची चेन ओढत होती, ती थांबली. "माझं पान वाचलं त्याने?"

"वाचलं."

"जबड्याचं पण?"

"हो. आधी ते वाचलं, मग पत्ता दिला."

तिने चेन शेवटपर्यंत ओढली. "दुष्ट असता, तर मी पत्ता दिला असता तुम्हाला," ती म्हणाली. "दुष्ट माणूस सापडला की संपतं. असे चांगले किती आहेत तुमच्याकडे?"

मी मनातल्या मनात इमारतीतल्या एकेका टेबलापाशी जाऊन आले. प्रत्येकजण गोड होता. कुणाबद्दल शपथ घेता आली नाही.

"मग नाही देणार," ती म्हणाली.

नोकरीचं, दवाखान्याचं, कोर्टाचं, सगळं तिला ठाऊक होतं. मी ते पुन्हा सांगितलं नाही. मला फक्त तिची काळजी वाटत होती, आणि त्या काळजीपोटीच माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठे जाशील गं?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझे कान तापले. मी तिची पिशवी उचलायला हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली.

ती बाहेर गेली, गाडी सुरू झाली. मी खिडकीपाशी होते आणि तिथून हमरस्ता दोन्ही बाजूंना दूरवर दिसतो. ती कुठल्या बाजूला वळते ते आपल्याला कळू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.